व्होलोझिनची शाळा आणि इस्रायलमधला सैन्यभरतीचा वाद

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी एकमताने निकाल दिला: येशिवात, म्हणजे ज्यू धर्मग्रंथांच्या निवासी शाळेत, शिकणाऱ्या हरेदी (कट्टर सनातनी ज्यू) तरुणांना लष्करी सेवेतून वगळायला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. तेव्हापासून ‘येशिवा’ हा शब्द बातम्यांत सारखा भेटतो. काळा कोट, काळी हॅट, पुढ्यात जाडजूड ग्रंथ. फोटो पाहिले की वाटतं, हे दोन हजार वर्षं असंच चालत आलं असणार. ग्रंथांपुरतं ते बरंचसं बरोबर आहे. ज्या घडणीची शाळा आज आपण बघतो, तिचं वय मात्र सव्वादोनशे वर्षांच्या आसपास आहे.

मुळाची गोष्ट थोडक्यात अशी. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, बळी देणं थांबलं आणि पुरोहितांचं कामच संपलं. योहानान बेन झक्काई यांनी याव्हने गावी विद्वान जमवले आणि धर्माचा केंद्रबिंदू वेदीवरून अभ्यासाकडे सरकला. (वेढा पडलेल्या शहरातून शिष्यांनी त्यांना शवपेटीत घालून बाहेर काढलं, असं परंपरा सांगते.) पुढे बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकात, सुरा आणि पुंबेदिता इथल्या विद्यापीठांमध्ये तालमूद, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, घडला. तिथे वर्षातून दोनदा, अदार आणि एलुल महिन्यांत, पोटापाण्याचे उद्योग बाजूला ठेवून माणसं शिकायला जमत. मुलांच्या शाळांची पटसंख्याही तालमूदने ठरवून टाकली आहे: पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, चाळीस झाली तर त्याच्या हाताखाली मदतनीस, पन्नास झाली तर दोन शिक्षक.

राब्बी म्हणजे पुजारी, हा आपल्याकडचा एक समज. सामूहिक प्रार्थनेला परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष पुरतात, राब्बी नसला तरी अडत नाही. त्याचं काम धर्मशास्त्राचा निर्णय देण्याचं. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली समाजाने पिढ्यानपिढ्या राब्बीविनाच शब्बाथ (शनिवारची सुट्टी), सुंता आणि उपास सांभाळले.

मध्ययुगीन युरोपातली येशिवा म्हणजे गावचा राब्बी आणि त्याच्याभोवतीचे विद्यार्थी. गावाने राब्बीला नेमायचं, गावानेच पोरांना पोसायचं. आज या घरी, उद्या त्या घरी अशी जेवणं. यिडिशमध्ये याला ‘एसन टेग’, शब्दशः ‘दिवस खाणं’ म्हणत. आपल्याकडे वार लावून जेवणाऱ्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं. कुणाकडे प्रेमाने वाढलं जाई, कुणाकडे तोंड वाकडं करून.

हे चित्र बदललं व्होलोझिनमध्ये. गाव तेव्हा रशियन साम्राज्यात, आज बेलारूसमध्ये. विल्नाच्या (आजच्या व्हिल्निअसच्या) प्रसिद्ध ‘गाओन’चे, म्हणजे थोर पंडिताचे, शिष्य राब्बी हाइम यांनी १८०२ मध्ये जाहीर पत्र काढून मदत मागितली आणि १८०३ मध्ये येशिवा सुरू झाली. माझ्या मते त्यांची खरी प्रतिभा हिशेबात होती. गावावर त्यांनी काहीच अवलंबून ठेवलं नाही. निधी गोळा करणारे दूत गावोगाव फिरत, त्या पैशातून विद्यार्थ्यांना खर्चाला रक्कम मिळे आणि वार संपले. पैसा बाहेरचा, विद्यार्थीही बाहेरचे, त्यामुळे गावच्या पंचांचा शब्द शाळेत चालेना. अभ्यास रात्रंदिवस पाळीपाळीने चाले. तालमूद पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने वाचायचा आणि तोही वाचनाच्या पुण्यासाठी. राब्बीपदाची सनद मिळवणं हा हेतूच नव्हता. पुढे तिथे चारशेहून अधिक विद्यार्थी झाले.

पश्चिमेकडे वारं उलटं वाहत होतं. पदुआ (१८२९), ब्रेस्लाउ (१८५४), सिनसिनाटी (१८७५) इथल्या संस्थांना आधुनिक शिक्षण घेतलेला, देशभाषेत प्रवचन देणारा राब्बी हवा होता. झारच्या सरकारनेही १८४७ मध्ये विल्ना आणि झितोमिर इथे राब्बी घडवणाऱ्या सरकारी शाळा काढल्या. तिथून बाहेर पडलेल्यांना लोक मनापासून राब्बी मानेनात आणि १८७३ मध्ये त्या गुंडाळाव्या लागल्या.

व्होलोझिनवरही सरकारची नजर होतीच. रशियन आणि इतर विषय शिकवा, रात्रीचा अभ्यास थांबवा, तासांना मर्यादा घाला, अशा अटी आल्या आणि १८९२ च्या आरंभी येशिवा बंद झाली. दोष सगळा झारच्या माथी मारणं सोपं आहे, पण पुढचा प्रमुख कोण यावरून आत भांडणंही पेटलेली होती. शिवाय विद्यार्थी तालमूदच्या आड भलतीच पुस्तकं वाचू लागले होते. पुढे हिब्रूचे राष्ट्रकवी ठरलेले बियालिक त्यांच्यातलेच. शाळा मिटली तरी तिचा साचा मीर, तेल्झ, स्लाबोद्का इथल्या येशिवांत टिकला. मुलींना यात जागाच नव्हती. त्यांच्यासाठी क्राकोमध्ये सारा शेनिरर यांनी १९१७ मध्ये वेगळी शाळा काढली.

दुसऱ्या महायुद्धात पूर्व युरोपातल्या येशिवा माणसांसकट नष्ट झाल्या. मीरची मंडळी जपानमार्गे शांघायला निसटली आणि बेथ अहरोन सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनागृहात) अभ्यासाला बसली. ते सिनेगॉग बांधणारे सायलस हार्डून मूळचे बगदादचे, पण वाढले मुंबईत, ससूनच्या शाळेत.

या विध्वंसानंतर, १९४८ मध्ये, उरलेसुरले विद्वान जपावेत म्हणून इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी सुमारे चारशे विद्यार्थ्यांची भरती लांबणीवर टाकली. १९७७ मध्ये पंतप्रधान बेगिन यांच्या सरकारने संख्येची मर्यादा काढली. २०२४ च्या निकालावेळी असे तरुण सुमारे त्रेसष्ट हजार होते. भरतीची सूट संपलेल्यांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा देता येणार नाही, असंही न्यायालयाने सांगितलं. त्याच सुमारास इस्रायलमधले वयोवृद्ध राब्बी निधी गोळा करायला विमानाने अमेरिकेला निघाले.