'बोल्ल' कथ् पासून आलेला नाही हो!

'कथ् → बोल्ल → बोल', म्हणजे संस्कृत कथ् (सांगणे) पासून प्राकृत बोल्ल आणि त्यापासून मराठी बोल, ही बाणांची साखळी परत दिसली, आणि आधार म्हणून अर्थातच प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र. बाण काढला की व्युत्पत्ती लागली असं का वाटतं लोकांना?

व्युत्पत्ती म्हणजे काय ते माहितीच आहे, शब्दातले आवाज नियमाने कसे बदलत आले ते दाखवणं. संस्कृत नाथचं प्राकृतात नाह, मेघचं मेह, तसंच कथ्‌चं कह, हिंदीतलं कहना तिथलंच आणि आपली कहाणीही त्याच घरातली. पुढे चला.

आदेश, म्हणजे व्याकरणात एका धातूच्या जागी दुसरा ठेवणं, हे मात्र वेगळं प्रकरण आहे. 12व्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने व्याकरण लिहिलं, त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा, आणि वाचणारा संस्कृत शिकलेला धरून तो सांगतो की कथ्‌च्या जागी प्राकृतात वज्जर, पज्जर, बोल्ल, जंप, साह वगैरे 10 धातू विकल्पाने येतात, नाहीतर कहइ आहेच. च्या जागी, एवढंच! अर्थ जुळतो म्हणून. बदलीवर आलेला मास्तर आधीच्या मास्तरांचा मुलगा असतो का? आणि क चा ब कुठल्या नियमाने केलात तेही सांगा. गंमत म्हणजे हेमचंद्र स्वतःच तिथे स्पष्ट करतो की हे धातू इतरांनी देशी शब्दांत धरलेत, मी त्यांना आदेश केलं ते वेगवेगळे प्रत्यय लावता यावेत म्हणून. म्हणजे सगळी व्याकरणाची सोय! पण सूत्र उचलायचं आणि त्याखालची वृत्ती, म्हणजे स्पष्टीकरण, वाचायची नाही, ही आपली जुनी खोड.

त्याच यादीतला जंप हा जल्प् पासून आलाय, म्हणजे संस्कृतातूनच पण भलत्याच धातूतून. तेव्हा यादीत शेजारी बसले म्हणून सगळे एका कुळातले होत नाहीत.

आता देशी म्हटलं की लगेच 'म्हणजे द्राविडी' म्हणणारेही आहेत, तेही नको. संस्कृतावरून नियमाने साधता येत नाही तो देशी, कुळ कुठलं ते त्यात सांगितलेलं नसतं. ओढूनताणून संस्कृत धातू चिकटवण्यापेक्षा मला नुसतं 'देशी' लिहिलेलं केव्हाही चालेल.

खरा बाण काढायचाच तर बोल्ल पासून बोल पर्यंत काढा. प्राकृतातल्या दोन स्वरांमधल्या एकेरी ल चा मराठीत ळ होतो, फल फळ, काल काळ, पण ल्ल असेल तर ल च राहतो, म्हणून आपण बोलतो, बोळत नाही.