घरच्या इंटरनेटवर सर्व्हर: कंपनीची मनाई वेगळी, सीजीनॅटची अडचण वेगळी

घरच्या फायबरला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, जोडला की बागेतले कॅमेरे घरात बसून दिसतात. पुण्याला शिकायला गेलेल्या पोराच्या मोबाइलवर मात्र काही केल्या दिसत नाहीत. वायफायवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "काकाजी, ते वरूनच बंद आहे." वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात विचारा नाहीतर यवतमाळकडच्या कापसाच्या गावांत, उत्तर हेच मिळतं. ऐकणारा समजतो की कंपनीनं मनाई केली आहे, आणि प्रश्न तिथंच सोडून देतो.

या एका उत्तरात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. पहिली म्हणजे कंपनीच्या अटींमधली मनाई: घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवू नका. दुसरी म्हणजे सीजीनॅट: तुमच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ताच नसणं. मनाई कागदावर असते, ती असतानाही सर्व्हर बिनबोभाट चालू शकतो. सीजीनॅट कंपनीच्या यंत्रात असतं, आणि कंपनीनं पूर्ण परवानगी दिली तरी त्याच्या मागे बसलेल्या सर्व्हरपर्यंत बाहेरचा माणूस पोहोचत नाही. एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून आपली माणसं नको तिथे पैसे घालतात आणि नको तिथे हात जोडतात. मला हे मनापासून खटकतं.

सर्व्हर म्हणजे मोठ्या थंड खोलीतली यंत्रंच असं नाही. बाहेरून कुणी विचारलं की उत्तर देणारं कोणतंही यंत्र सर्व्हरच. डीव्हीआर त्यात आला, घरातले फोटो साठवणारा जुना संगणकही आला, आणि हवामान मोजणाऱ्या यंत्राला जोडलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकसुद्धा.

आधी पत्त्याचं

इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटांचे आहेत. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते बनतात, त्याहून एकही जास्त नाही. जगाचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिकचा नेहमीचा साठाही त्याच वर्षी १५ एप्रिलला आटला, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या कंपनीला अगदी मोजके पत्ते मिळू लागले. आपल्या खेड्यांत फायबर पोहोचलं ते त्यानंतर. म्हणजे ज्या काळात घरोघरी जोडण्या द्यायच्या होत्या, त्याच काळात द्यायला पत्ते उरले नव्हते. यात विदर्भावर मुद्दाम केलेला अन्याय नाही. आपण उशिरा आलो, एवढंच.

मग कंपन्यांनी एक सार्वजनिक पत्ता शेकडो घरांत वाटायला सुरुवात केली. हेच सीजीनॅट. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्त्यांचा पट्टा खास राखून ठेवला गेला. पूर्वी गावात किराणा दुकानात एकच फोन असायचा, तसंच हे आहे. तिथून तुम्ही कुठंही फोन लावू शकत होता, पण बाहेरून फोन आला तर तो कुणासाठी आहे हे दुकानदाराला कुणीतरी सांगावं लागायचं. सीजीनॅटच्या यंत्राला असं सांगणारं कुणी नसतं, म्हणून बाहेरून आलेली हाक ते टाकून देतं. तुम्ही स्वतः बाहेर गेलात, म्हणजे व्हिडिओ पाहिला, बँकेत पैसे भरले, व्हॉट्सअॅपवर बोललात, तर काहीच अडत नाही. त्यामुळेच बहुतेकांना आपण सीजीनॅटच्या मागे आहोत हे वर्षानुवर्षं कळत नाही.

"पण शेजारच्यांचा कॅमेरा तर बाहेरून दिसतो!" हो, दिसतो. अनेक कॅमेरे क्यूआर कोड स्कॅन करून जोडता येतात. तिथं कॅमेरा स्वतःच बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे बाहेर जातो आणि तुमचा मोबाइलही त्याच सर्व्हरकडे जाऊन त्याला भेटतो. बाहेरून घरात कुणी येतच नाही, म्हणून सीजीनॅट आडवं येत नाही. बदल्यात तुमच्या बागेवर, अंगणावर डोळा ठेवणारं यंत्र कायम एका परक्या सर्व्हरच्या ओळखीवर चालतं. हे चालेल की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं, पण जाणून ठरवावं.

ओळखायचं कसं? राऊटरच्या पानावर जा (बऱ्याच डब्यांवर १९२.१६८.१.१), आणि तिथं वॅन आयपी असं लिहिलेला आकडा, म्हणजे कंपनीनं राऊटरला दिलेला पत्ता, बघा. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधून दिसणारा आकडा बघा. दोन्ही एकच असतील तर तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे. वेगळे असतील, आणि राऊटरवरचा आकडा १० नं, किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान, किंवा १७२.१६ ते १७२.३१ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. अशा वेळी राऊटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे आत यायची क्रमांक दिलेली दारं, उघडा, काही होणार नाही. पोर्ट उघडून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर आधी हे दोन आकडे त्याच्यासमोर ठेवा. मोबाइल सिमवर चालणाऱ्या एअरफायबरसारख्या जोडण्यांवर बहुधा हेच चित्र दिसतं.

पत्ता सार्वजनिक आहे, पोर्टही उघडलं आहे आणि तरी बाहेरून येता येत नाही, असं झालं तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून दुसऱ्या पोर्टवर बघा. ८० वर सर्व्हर दिसत नाही आणि ८०८० वर दिसतो, तर कंपनीनं ठरावीक पोर्ट अडवलं आहे. इथं मात्र मनाई कागदावरून यंत्रात उतरलेली असते.

आता मनाईचं

घरगुती प्लॅनच्या अटी कुणी वाचत नाही. त्या लांबलचक असतात, इंग्रजीत असतात, आणि जोडणी देणारा पोरगा त्या दाखवतही नाही. त्यांत अनेकदा अशा अर्थाचं वाक्य असतं: जोडणी फक्त घरगुती वापरासाठी, वेब, मेल किंवा फाइल सर्व्हर चालवायचा नाही, जोडणी दुसऱ्याला विकायची नाही. अमेरिकेतल्या कॉमकास्टच्या नियमात रेघ आणखी नेमकी आहे: घराबाहेरच्या लोकांना सेवा देणारा स्वतंत्र सर्व्हर घरगुती जोडणीवर चालवायचा नाही.

ही मनाई आली कुठून? तिच्यामागे खरी कारणं आहेत. टेलिफोनच्या तारेवरच्या जुन्या एडीएसएल२+ मध्ये खाली येण्याचा वेग २४ एमबीपीएसपर्यंत असायचा आणि वर पाठवण्याचा १ एमबीपीएसच्या आसपास. आजच्या जीपॉन फायबरमध्येही एका धाग्यावर खाली सुमारे २.५ जीबीपीएस येतात, वर सुमारे १.२५ जीबीपीएस जातात, आणि तो धागा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. एका घरानं चोवीस तास वर पाठवण्याचा रस्ता भरून टाकला तर वस्तीतल्या बाकीच्यांचा ऑनलाइन वर्ग अडखळतो. ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, तीही याच हिशेबातून आलेली.

दुसरं कारण सुरक्षेचं आहे, आणि ते मला सर्वांत वजनदार वाटतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरच्या जाळ्यानं कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज केले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन (Dyn) या कंपनीवर मारा केला. मोठमोठ्या वेबसाइट काही तास उघडेनाशा झाल्या. पुढच्याच महिन्यात जर्मनीत त्याच जातीच्या हल्ल्यानं सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर कोलमडले. आपल्या बागेतला डीव्हीआर त्याच प्रकारचं यंत्र आहे. घरगुती जोडण्यांवरून मेल पाठवण्याचं २५ क्रमांकाचं पोर्ट जगभर अडवलं जातं, तेही घरोघरच्या बिघडलेल्या संगणकांतून निघणारा स्पॅमचा लोंढा थांबवण्यासाठी.

तिसरं कारण पैशाचं. ज्याला सर्व्हर चालवायचा आहे त्यानं व्यवसायाचा महाग प्लॅन घ्यावा, असं कंपनीला वाटतं. धंदा म्हणून ते समजतं, पण मग तसं स्पष्ट लिहावं. सरसकट ‘सर्व्हर नको’ लिहून घरच्या माणसाला स्वतःचे फोटो बघायलाही बंदी केल्यासारखं होतं.

ही सरसकट भाषा बदलता येते, हे एकदा दिसलेलं आहे. गूगल फायबरनं कॅन्सस सिटीत जोडण्या देताना कोणत्याही प्रकारच्या सर्व्हरला मनाई केली होती. जोडणी घेऊ पाहणाऱ्या एकानं अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे तक्रार केली. २०१३ च्या जुलैमध्ये कंपनीनं ही मनाई म्हणजे जाळ्याची वाजवी व्यवस्था आहे असं सांगून तिचं समर्थन केलं, आणि ऑक्टोबरमध्ये नियमच बदलला: व्यक्तिगत, बिगर-व्यावसायिक सर्व्हर चालेल, त्यात घरच्या सुरक्षेची यंत्रंही आली. मला हीच रेघ न्याय्य वाटते. आपल्याकडच्या कंपन्यांनीही ती मराठीत लिहून द्यावी.

उपायांची गल्लत

सीजीनॅटवरचा सरळ उपाय म्हणजे कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, घेणं. त्याचे वेगळे पैसे पडतात. पण स्टॅटिक आयपी मिळाला म्हणजे मनाई उठली असं नाही. पत्ता विकत मिळाला, परवानगी त्याच प्लॅनच्या अटींत राहिली. दुसरा उपाय बोगद्याचा, म्हणजे वायरगार्ड, टेलस्केल, क्लाउडफ्लेअर टनेल यांसारख्या सोयींचा. यांत तुमचं यंत्र स्वतः बाहेर जाऊन रस्ता धरून ठेवतं, म्हणून सीजीनॅट निष्प्रभ होतं (नुसत्या वायरगार्डला मात्र दुसऱ्या टोकाला सार्वजनिक पत्ता असलेलं यंत्र लागतं). अटीतली मनाई मात्र तशीच राहते. आपल्या मोबाइलवरून आपल्याच बागेत डोकावण्यासाठी बोगदा हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो, कारण डीव्हीआर जगासमोर उघडा पडत नाही. पण शेतकरी उत्पादक कंपनीची विक्रीची वेबसाइट घरच्या जोडणीवर ठेवून ती बोगद्यातून जगाला दाखवली, तर तो व्यावसायिक वापरच झाला. अशी साइट महिना भाड्याच्या साध्या होस्टिंगवर ठेवावी. शिवाय लाइट गेली की घरचा सर्व्हर जातो, आणि ऐन संत्र्याच्या हंगामात व्यापारी तुमच्या इन्व्हर्टरची वाट बघत थांबणार नाही.

एक प्रकार असा आहे की त्याला यातलं काहीच लागू होत नाही, आणि गावासाठी तो मला मोलाचा वाटतो. अभ्यासिकेत रास्पबेरी पायवर किविक्स हे इंटरनेटशिवाय वाचायचं सॉफ्टवेअर टाकून अख्खा मराठी विकिपीडिया ठेवता येतो. एमपीएससीची तयारी करणारी मुलं तिथल्याच वायफायवरून तो वाचतात. माहिती भिंतीबाहेर जातच नाही, म्हणून सीजीनॅटचा संबंध नाही आणि कंपनीच्या जाळ्यावर भारही नाही. इंटरनेट बंद पडलं तरी तो चालतो. ‘सर्व्हरला मनाई आहे’ हे ऐकून कुणी असं काम सोडून दिलं असेल तर ते आजच पुन्हा सुरू करावं.

शेजारच्या घरात तार टाकून महिन्याचे पैसे घेणं ही मात्र तिसरीच गोष्ट आहे. ती जोडणीची पुनर्विक्री होते. सार्वजनिक वायफायसाठी केंद्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात दुकानदाराला परवाना न घेता वायफाय देता येतं, पण योजनेच्या चौकटीत राहून.

आयपीव्ही६ मुळे या दोन गोष्टींतला फरक आणखी उघड होतो. त्यात पत्ते १२८ बिटांचे असतात, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, आणि भारत त्याच्या वापरात जगातल्या पुढच्या देशांत आहे. तुमच्या जोडणीवर तो असेल तर सीजीनॅटचा प्रश्न त्या बाजूनं संपतो. राऊटरची भिंत बाहेरून येणाऱ्याला अडवते, तिच्यात नेमक्या यंत्रापुरती वाट करावी लागते, आणि बघणाऱ्याच्या मोबाइललाही आयपीव्ही६ लागतं. मनाई असेल तर ती इथंही जशीच्या तशी.

म्हणून कंपनीला फोनवर "बंद का आहे?" असं विचारू नका. ईमेल करा आणि वेगवेगळं विचारा: माझ्या जोडणीवर सीजीनॅट आहे का? आयपीव्ही६ मिळतं का? कोणती पोर्ट अडवली आहेत? माझ्या प्लॅनमध्ये स्वतःच्या वापरासाठी, पैसे न घेता, कॅमेरा किंवा फाइल सर्व्हर चालवता येतो का? स्टॅटिक आयपी घेतल्यावर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बदलतं का? उत्तर टाळलं तर तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्या. तिथंही समाधान झालं नाही तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाण्याची सोय आहे, आणि अपिलावर ३९ दिवसांत निर्णय द्यावा असं त्यात म्हटलं आहे.