घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन

खंडाळ्याच्या अलीकडे, बोरघाटाच्या एका सोंडेवर १९२९ पर्यंत एक स्टेशन होतं. त्याला गावाचं नाव नव्हतं, कारण ते गावासाठी बांधलेलंच नव्हतं. इथे गाडीचं तोंड फिरवायचं, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन.

१८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली होती, खालून खोपोलीपर्यंतही. मधला घाट मात्र पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत. कर्जत ते लोणावळा चढ ५५८ मीटरचा, आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांना तो सुमारे पंचवीस किलोमीटरांत बसवायचा होता. सर्वांत तीव्र उतार ३७ ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. सोंडेवर रुळांना पुरेल एवढं वळण घ्यायला जागाच नव्हती. मग रूळ तिथेच संपवले आणि उलट्या दिशेने, डोंगराच्या दुसऱ्या अंगाने वर नेले. १८६३ मध्ये घाट सुरू झाला.

काम असं चाले. अख्खी गाडी सांध्याच्या, म्हणजे दोन रूळ जिथे फुटतात त्या जागेच्या, पलीकडे घ्यायची, हातब्रेक आवळायचे, इंजिन सोडवून शेजारच्या रुळावरून मागच्या टोकाला आणून जोडायचं, सांधा बदलायचा, निघायचं. सांध्यापलीकडे मावेल तेवढीच गाडी. एखादा डबा जास्त झाला की सांधा अडलाच.

चढताना फार तर चाकं घसरत. पावसाळ्यात तर हमखास, म्हणून रुळांवर वाळू सोडायची. खरी भीती उतरताना. ३७ ला १ उतारावर शंभर टनांच्या गाडीला गुरुत्वाकर्षण पावणेतीन टनांच्या जोराने खाली ओढतं. ब्रेक सुटले, तर घर्षण वजा करूनही मिनिटभरात वेग ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या पुढे जातो. दोनशे टनांची गाडी लोणावळ्याहून कर्जतला उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात साधारण साडेतीन हजार लिटर पाणी उकळीला येईल. ती बरीचशी ब्रेकमध्येच जिरवायची. ब्रेक तापले की त्यांची पकड ढिली पडते, आणि खंडाळ्याकडून येणाऱ्या गाडीपुढे तर रूळच संपलेले! १८६९ मध्ये एक मेल इथे थांबू शकली नाही, ती रुळांचं टोक ओलांडून गेली.

यावर घाटात कॅच सायडिंगचा तोडगा असतो. सांधा एरवी चढावर जाणाऱ्या, पुढे बंद असलेल्या रुळाकडेच लावलेला. गाडी थांबून ताब्यात आहे हे दिसलं, तरच तो मुख्य मार्गाला लावायचा. बेफाम आलेली गाडी आपोआप चढावर जाते आणि वेग गमावते.

१९२९ च्या सुमारास कल्याण–पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली. धूर नसल्यामुळे लांब बोगद्यांचा जाच उरला नव्हता. नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला आणि स्टेशन सुटलं.

उतार मात्र तिथेच आहे. म्हणून आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं लागतात, आणि ती लागेपर्यंत फलाटावर वडापाव खायला वेळ मिळतो.