सगळा दोष पोलिओवर कशाला?

खानापूर-निपाणीकडचा साठीतला गृहस्थ. लहानपणी पोलिओ झालेला. दवाखान्यात जाऊन म्हणतो, "हल्ली चांगल्या पायातही ताकद वाटेना." उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "पोलिओ आहे ना तुम्हाला, मग असं होणारच." मोठ्या वयातल्या अपंगांची खरी गोची इथे आहे. नवं दुखणं जुन्या खात्यावर मांडलं जातं आणि तपासणी तिथंच थांबते.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी मारतो. वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडतात आणि पोरके झालेले स्नायुतंतू सांभाळायला घेतात. म्हणून तर मूल पुन्हा उभं राहतं. पण तीस-चाळीस वर्षं हे जादा ओझं वाहून पेशी थकतात, फाटे झडू लागतात, असं मानलं जातं. यालाच पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. विषाणू परत आलेला नसतो. भारतात मूळ (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला, पण आधी लागण झालेली पिढी आता कुठे म्हातारी होतेय. अशांना "भरपूर व्यायाम करा" सांगणं उलटंच पडू शकतं. दम लागण्याआधी थांबायचं असतं. शिवाय थायरॉइड, रक्तक्षय, मणक्यात दबलेली नस ही कारणं तपासून बाजूला काढल्याशिवाय हे निदान करताच येत नाही. म्हणजे "होणारच" म्हणून सोडून देणं दोन्ही बाजूंनी चूक.

झाडावरून पडून किंवा मोटारसायकलच्या अपघातात मानेचा मणका मोडलेल्यांचं वेगळंच. इजेच्या खालच्या भागात वेदना कळत नाही, म्हणून बसून-निजून झालेली जखम हाडापर्यंत जाते. अंथरुणातल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची ती यासाठी. त्याहून धोक्याची गोष्ट घरच्यांना क्वचितच सांगितली जाते. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वर असेल, तर नुसती लघवी तुंबली तरी रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, चेहऱ्याला घाम फुटतो. अशा वेळी आडवं करू नये. ताठ बसवावं, कपडे सैल करावेत, लघवीच्या नळीला पीळ पडलाय का ते आधी बघावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

डाउन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉइड मंदावणं नेहमीचं, स्मृतिभ्रंशही चाळिशी-पन्नाशीतच गाठू शकतो. बोलता न येणारा माणूस अचानक डोकं आपटू लागला तर आधी दात, कान आणि पोट तपासावं. कर्णबधिरांचं दुखणं नातेवाईकच सांगतात. आमच्या बेळगावात तर डॉक्टरांचं अर्धं बोलणं कन्नड, अर्धं मराठी, त्यात तोंडावर मास्क. ओठ वाचणाऱ्यानं करायचं काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २५ वं कलम दवाखान्याच्या प्रत्येक भागात अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य देतं. रॅम्प बांधला की हे कलम पाळून झालं, असा समज मात्र फार. आत तपासणीचं टेबल उंच आणि वजनकाटा उभं राहायचा. मग वजन अंदाजानं लिहितात, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या बाईची गर्भाशयमुखाची तपासणी राहूनच जाते.

कर्नाटकात ग्रामपंचायतीकडे पुनर्वसन कार्यकर्ता असतो. पेन्शन आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) त्याला गाठावं लागतंच. त्याच फेरीत रक्तदाब, साखर आणि थायरॉइडच्या तपासणीचंही विचारून घ्यावं.