दोन इंची स्टेक आणि अर्धं कापलेलं पिंप

अमेरिकेत, विशेषतः टेक्सासकडे, परसात मांस भाजायची भट्टी बरेचजण घरीच बनवतात. ५५ गॅलनचं, म्हणजे साधारण २०८ लिटरचं लोखंडी पिंप आडवं घालून लांबीच्या दिशेने चिरायचं, वरच्या अर्ध्याला बिजागऱ्या लावून झाकण करायचं, खालच्याला पाय जोडायचे आणि आत जाळी बसवायची. एका टोकाला हवेसाठी भोक, दुसऱ्या टोकाला धुराडं. पिंप मात्र रसायनांचं नको, आणि जस्ताचा मुलामा दिलेलंही नको.

या भट्टीचं खरं बळ तिच्या लांबीत आहे. जाड स्टेक, म्हणजे गोमांसाचा दीड-दोन इंच जाडीचा काप, भाजायला घेतला की ते कळतं.

बाहेरून तो खरपूस हवा. तो तपकिरी रंग आणि वास येतो प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांच्या अभिक्रियेतून. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. आपल्या भाकरीवर उठणारे तपकिरी डागही तिचेच. तिला वेग येतो १४० अंश सेल्सियसच्या आसपास. आतलं मांस मात्र ५५ अंशांच्या आसपास मऊ आणि रसाळ असतं, ६५च्या पुढे तंतू आवळून पाणी बाहेर फेकतात. म्हणजे बोटभर अंतरात ८५ अंशांचा फरक सांभाळायचा.

त्यात जाडीचं गणित आडवं येतं. उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एक इंचाचा काप दोन इंचांचा केला, तर वेळ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट लागतो. तेवढा वेळ थेट निखाऱ्यांवर ठेवला तर वरचा थर कोळसा होतो आणि मधलं मांस कच्चंच राहतं.

म्हणून सगळे निखारे पिंपाच्या एका टोकाला ओढायचे आणि स्टेक दुसऱ्या टोकाला ठेवून झाकण लावायचं. तिथे निखाऱ्यांची धग थेट पोचत नाही, गरम हवा फिरते. भोक अर्धवट मिटलं की प्राणवायू कमी मिळतो आणि निखारे मंदावतात. मांस सावकाश तापतं, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याचा पृष्ठभाग सुकतो. ओला पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जातच नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मध्यभागी खुपसलेला तापमापक ४८-५० दाखवू लागला की भोक पूर्ण उघडायचं, निखारे लालभडक होऊ द्यायचे आणि स्टेक त्यांच्या डोक्यावर आणायचा. निखाऱ्यांची प्रारणं, म्हणजे त्यांच्यातून थेट फेकली जाणारी धग, त्यांच्या निरपेक्ष (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात, त्यामुळे इथे दोन-तीन मिनिटं पुरतात. आधी सावकाश तापवून शेवटी कडक भाजायची ही उलटी पद्धत मला सर्वांत पटते.

आधी कडक भाजलं की ‘रस आत कोंडला जातो’, ही समजूत एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरली. ती चूक आहे. कान देऊन ऐका: जाळीवर चालणारी चुरचुर म्हणजे बाहेर आलेलं पाणीच उकळत असतं.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला मात्र ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा, असा आहे. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर तोच पाळावा.

नीट भाजलेला स्टेक कापला की कडेला करड्या रंगाची बारीक रेघ दिसते आणि आत थेट गुलाबी मांस. ताटात उतरणारा लाल रस रक्त नव्हे. ते पाणी आहे, आणि त्याला रंग आहे स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा.