कमवा आणि शिका

गरीब, विशेषतः ग्रामीण व बहुजन कुटुंबांतील विद्यार्थ्यांनी शिकत असतानाच श्रम करून शिक्षणाचा खर्च अंशतः वा पूर्णतः भागवावा, यासाठी महाराष्ट्रात रूढ झालेली पद्धती. ‘कमवा व शिका’ असेही म्हणतात. आज ती प्रामुख्याने विद्यापीठे व महाविद्यालये यांची योजना म्हणून परिचित आहे. तिचे श्रेय सर्वसाधारणपणे कर्मवीर भाऊराव पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) व त्यांची रयत शिक्षण संस्था यांना दिले जाते.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात शहरात राहून शिकणाऱ्या गरीब मुलाला माधुकरी मागणे किंवा वार लावून जेवणे हे दोन मार्ग असत. व्यवहारात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच खुले होते. शेतकरी, कारागीर किंवा अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलाला असा आधार नव्हता. फी माफ झाली तरी राहण्या-जेवण्यापाशी त्याचे शिक्षण थांबे. त्यामुळे महाराष्ट्रातील बहुजन शिक्षणाचा इतिहास बराचसा बोर्डिंगांचा इतिहास आहे. गंगारामभाऊ म्हस्के यांनी १८८३ मध्ये पुण्यात डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन स्थापून शिष्यवृत्त्यांची सोय केली. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ पासून व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि पाठोपाठ जैन, मुस्लिम, अस्पृश्य इ. समाजांची वसतिगृहे निघाली. नाशिकचे उदोजी मराठा बोर्डिंग १९१४ चे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह काढले. ही वसतिगृहे मुख्यत्वे देणग्या, संस्थानी मदत वा सरकारी अनुदान यांवर चालत. विद्यार्थ्याचे श्रम हा त्यांच्या अर्थव्यवहाराचा पाया नव्हता. प्रस्तुत पद्धतीचे वेगळेपण येथेच आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. एक मत दूधगाव (आता जि. सांगली) येथील विद्यार्थी आश्रमापाशी सुरुवात नेते. भाऊराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९०९ च्या, काहींच्या मते १९१० च्या सुमारास काढला. तेथे घरोघरचे मूठमूठ धान्य जमवून मुलांच्या जेवणाची सोय होई, असे सांगतात. हे खरे धरले तरी ते गावाचे साहाय्य होय, विद्यार्थ्याची कमाई नव्हे. दुसरे मत ४ ऑक्टोबर १९१९ ही तारीख प्रमाण मानते. त्या दिवशी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. मात्र स्थापनेच्या वेळी श्रमाची निश्चित योजना होती की ती पुढे गरजेतून आली, हे त्या तारखेवरून ठरत नाही.

तिसरे मत साताऱ्याच्या वसतिगृहाला महत्त्व देते. संस्थेचे केंद्र १९२४ मध्ये साताऱ्यास आले व सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. स्थापनेचे व नामकरणाचे वर्ष एकच समजल्याने काही लेखनात कालगणनेचा घोळ झालेला दिसतो. स्वयंपाक, दळण, पाणी भरणे, झाडलोट, शेतकाम ही कामे येथे मुलेच करीत. त्यांना रोख मजुरी मिळे, असे समजण्याचे कारण नाही. नोकर ठेवावे लागत नसल्याने खर्च वाचे आणि तेवढ्याने आणखी मुले ठेवता येत. म्हणजे या टप्प्यावर ‘कमाई’ सामुदायिक होती. वैयक्तिक खात्यावर मांडलेली नव्हती. एका पंगतीला, एकमेकांच्या हातचे जेवण हा तिचा दुसरा, कदाचित अधिक दूरगामी परिणाम. चरित्रकार भाऊरावांच्या या आग्रहाचा संबंध कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधील त्यांच्या विद्यार्थिदशेतील अनुभवांशी जोडतात. तो संभवनीय आहे, पण त्यातील काही प्रसंग आठवणींच्या आधारे रंगवलेले असावेत.

भाऊरावांची तुलना अमेरिकेतील टस्कीगी येथील संस्थेचे (स्थापना १८८१) प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी नेहमी केली जाते. तेथेही विद्यार्थ्यांनी विटा भाजून इमारती उभारल्या होत्या. हे साम्य उघड आहे. त्यावरून थेट अनुकरणाचा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. टस्कीगीत व्यवसायशिक्षण हेही एक उद्दिष्ट होते. साताऱ्यात श्रम हे नेहमीच्या पुस्तकी शिक्षणापर्यंत, शेवटी पदवीपर्यंत पोहोचण्याचे साधन होते.

उच्च शिक्षणापुरते पाहिले तर १९४७ हे वर्ष आरंभाचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वर्षी साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. श्रम करणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे महाविद्यालयीन शिक्षण घेता येऊ लागले. आवाराचे सपाटीकरण व बांधकाम यांत विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. पाठोपाठ १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. ते पुढे पूर्ववत झाले. मधल्या काळात लोकवर्गणीने संस्था तगली. संस्थेचेच कराडचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय १९५४ चे.

विद्यापीठीय स्वरूप : शिवाजी विद्यापीठाचे (स्थापना १९६२) पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ही कल्पना विद्यापीठाच्या पातळीवर नेली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची योजना भाऊरावांच्याच नावाने चालते. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग येथील कामाचे तास नोंदवून विद्यार्थ्याला मानधन मिळते. सामुदायिक बचतीची जागा येथे वैयक्तिक मोबदल्याने घेतली. नाव तेच राहिले तरी हा बदल मूलभूत आहे. कामाचे तास वाढले की अभ्यासाला वेळ उरत नाही आणि कमी ठेवले की मानधन खानावळीलाही पुरत नाही, ही अडचण मात्र तिच्या रचनेतच आहे.

मुलींच्या सहभागाविषयी आरंभीच्या काळातील माहिती त्रोटक आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांसाठी मंगळसूत्रासह दागिने मोडल्याचे सर्वत्र सांगितले जाते.

शासकीय साहाय्याचा प्रवाह वेगळा आहे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्याच्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून भोजन व निवासासाठी रक्कम मिळते. त्यात श्रमाची अट नाही.