कॉलेजातला ख्रिस्ती सेवक: मुंबईतली पार्श्वभूमी

"तुम्ही सर आहात का?" कॉलेजातल्या मुलांसोबत बायबल वाचणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती सेवकाला कॅन्टीनमध्ये भेटलेली मुलं आधी हेच विचारतात. नाही म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "मग कॉलेजात कशाला येता?" पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत हा प्रश्न कुणाला पडला नसता. सेवक आणि सर तेव्हा एकच होते.

रेव्हरंड जॉन विल्सन १८२९ मध्ये स्कॉटलंडहून मुंबईला आले, मराठी शिकले, आणि १८३२ साली गिरगावात आंब्रोळीला त्यांनी इंग्रजी शाळा सुरू केली. आजचं विल्सन कॉलेज तिच्यातूनच वाढलं. जो माणूस विद्या देई, तोच बायबलही शिकवी. यात बळ होतं तसा धोकाही होता.

१८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या विशीच्या आतल्या दोन पारशी विद्यार्थ्यांचा बाप्तिस्मा झाला आणि शहर ढवळून निघालं. प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेलं. मुलांना स्वतःचा निर्णय घेण्याची मोकळीक मिळाली, पण पारशी घरांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. तो वयाने लहान, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही, यावर वादळ उठलं. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले.

श्रीपतपाशी मी दरवेळी थांबतो. दोन्हीकडे त्याच्यावर माया करणारी माणसं, आणि मधे ओढाताण होणारं एक पोर. विद्यार्थ्याचं वय, त्याची संमती आणि त्याचे आईवडील यांचा विचार प्रार्थनेइतकाच गंभीरपणे करायचा, हे या सेवेने इथून शिकायला हवं.

पुढचा काळही वादांचाच. १८५७ साली समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. त्यांत जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरीही होते. मला मात्र बोवेन आठवतात ते राहणीसाठी. मिशनचा पगार सोडून ते अगदी साधेपणाने राहिले, आणि १८४८ पासून १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबई हेच त्यांचं घर राहिलं. युक्तिवाद विसरले जातात, शेजारी राहिलेला माणूस लक्षात राहतो.

१८६९ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी सेंट झेवियर्स कॉलेज काढलं. खरा बदल त्यानंतरचा. १९१२ मध्ये भारतात स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट उभी राहिली आणि पुढाकार विद्यार्थ्यांकडे येऊ लागला. १९५४ मध्ये यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) ही ख्रिस्ती विद्यार्थ्यांची संघटना स्थापन झाली. तिच्या कामात गट विद्यार्थी चालवतात, सेवक त्यांच्या मागे उभा असतो. दरम्यान राज्यघटनाही आली होती. कलम २८ प्रमाणे सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. श्रीपतच्या खटल्यात जे कोर्टाला ठरवावं लागलं, ते आता लेखी नियमात आलं.

म्हणून आजच्या सेवकाच्या हातात ना हजेरीपट ना गुण. मुलगा आला तर स्वतःहून येतो. हॉस्टेलच्या खोलीत पाच-सहाजण खाटेवर, जमिनीवर बसतात, मराठी बायबलातला एक अध्याय आळीपाळीने वाचतात, कुणीतरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन धरतं. केटी लागलेला, म्हणजे एखाद्या विषयात नापास झालेला मुलगा बोलत नाही. सभा संपल्यावर जिन्यात थांबतो, आणि सेवकाची शेवटची लोकल चुकते.

यात जालन्याकडून आलेली मुलंही असतात. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. ते स्वतः मुंबईत विद्यार्थी होते, हे यातल्या बऱ्याच मुलांना इथे आल्यावरच कळतं.